टाइमलाइनवर फोटो एकाच दिवशी का गोळा होतात आणि नकाशावरच्या पिना समुद्रात का पडतात

तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी परत येते. टाइमलाइन उघडावी, तर शंभर-दीडशे फोटो एकाच तारखेवर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. नकाशा उघडावा, तर ठाण्याचा सिद्धेश्वर तलाव सोलापुरात आणि ठाण्याचाच मासुंदा तलाव भर समुद्रात. टॅगांच्या यादीत 'पायऱ्या' तीन वेळा, तिन्ही डोळ्यांना अगदी सारखे. आपण बसून एकेक पिन ओढून जागेवर आणतो, एकेक तारीख सुधारतो. मग कुणीतरी नवे चाळीस फोटो टाकतं आणि पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही नौपाड्यातली काही मंडळी ठाण्याच्या तलावांचा संग्रह करतो आहोत. घराघरांतल्या अल्बममधले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, जुने नकाशे, यूट्यूबवरचे व्हिडिओ, सरकारी अहवालांच्या पीडीएफ, १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरची पानं, असं सगळं त्यात आहे. इतक्या जातींचं सामान नुसत्या यादीत वाचून कुणाला काही कळत नाही, ते डोळ्यांना दिसावं लागतं. म्हणून सगळ्या नोंदींची एक गूगल शीट ठेवली आणि तिच्यावरून तीन दृश्यं काढली: टाइमलाइनजेएस या साधनावर कालपट म्हणजे टाइमलाइन, गूगल माय मॅप्सवर नकाशा आणि पॅलाडिओ या साधनात टॅगांचं जाळं, म्हणजे कोणता टॅग कोणत्या नोंदींना जोडलेला आहे त्याचं चित्र. पहिल्या वर्षात वर सांगितलेली दुरुस्ती आम्ही चार वेळा केली. आता सात-आठ महिने ती वेळ आलेली नाही. कुलवृत्तांत, शाळेचा अमृतमहोत्सवी संग्रह, गिर्यारोहकांच्या मोहिमांची नोंद असं काही करणाऱ्या बऱ्याच जणांना हीच अडचण येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला एक नियम: चित्राला हात लावायचा नाही. टाइमलाइन किंवा नकाशा स्वतःहून काही ठरवत नाही, शीटमध्ये लिहिलेला मेटाडेटा, म्हणजे फोटोबद्दलची माहिती, तेवढीच तो काढून दाखवतो. माय मॅप्समध्ये पिन ओढली की ती तिथल्या तिथे सरकते, शीटमधले आकडे तसेच राहतात. पुढच्या वेळी शीट पुन्हा आयात केली की तुमची मेहनत पुसली जाते. अडचण पुन्हा पुन्हा येण्याचं निम्मं कारण एवढंच आहे. दुरुस्ती शीटमध्ये करायची, आणि जिथे जमेल तिथे शीटच्याही आधी, फोटो हाती येतो त्या क्षणी.

चुकीची तारीखच रोग सांगते

फोटो एका तारखेवर गोळा झाले असतील, तर ती तारीख कोणती ते आधी नीट बघा. बहुतेक वेळा निदान तिथेच होतं.

१ जानेवारी १९७०, आणि वेळ दिसत असेल तर पहाटे साडेपाच: याचा अर्थ फाइलला तारीखच नाही. बरीचशी संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजते, तेही जागतिक वेळेनुसार. तारखेची जागा रिकामी असली की ती शून्य धरते, आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याला पहाटेचे साडेपाच दिसतात. आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका उपवन तलावाचा एक फोटो खरंच १९७० चा आहे असं धरून संध्याकाळभर तिथल्या झाडांची उंची ताडत बसल्या होत्या. तो वेळ तुमचा जाऊ नये.

३० डिसेंबर १८९९ हे शीटच्या हिशेबातलं शून्य. तारखेच्या रकान्यात कुणी ० टाकलं, किंवा एखाद्या सूत्राने रिकामा रकाना शून्य धरला, की हे दिसतं. १ जानेवारी १९८० हा जुन्या डॉस पद्धतीच्या फाइलव्यवस्थेचा पहिला दिवस. मेमरी कार्ड आणि झिप फाइलमधून आलेल्या मालावर तो सापडतो.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. बॅटरी पूर्ण उतरली की कॅमेऱ्याचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं, कुठल्यातरी वर्षाची १ जानेवारी. हे फोटो मात्र वाचवता येतात, आणि ते वाचवायलाच हवेत. तारीख चुकली असली तरी दोन फोटोंमधलं अंतर खरं असतं. त्या गठ्ठ्यातल्या एका तरी फोटोची खरी वेळ बाहेरून कळली, समजा अनंत चतुर्दशीचं विसर्जन आहे आणि मागे मंडळाचा वर्षासकट फलक दिसतो आहे, तर जेवढा फरक निघेल तेवढा सगळ्या गठ्ठ्याला लावायचा. फिल हार्वी यांचं एक्झिफटूल हे मोफत साधन शेकडो फोटोंच्या तारखा एका आज्ञेत सारख्याच अंतराने पुढे-मागे करतं. मूळ फाइलींची प्रत आधी बाजूला ठेवा.

आता सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. तारीख अलीकडचीच असते, पण शंभर फोटोंना एकच. फाइलचं नाव बघा. त्यात आठ आकडी तारीख आणि पुढे 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतील तर तो फोटो व्हॉट्सॲपवरून आला आहे, आणि नावातली तारीख तो पाठवला-मिळाला त्या दिवसाची आहे. कॅमेरा फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची माहिती लिहितो: केव्हा काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, जीपीएस चालू असेल तर कुठे. चॅटमध्ये फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो आकाराने लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी जाते. आम्ही गटात एवढी एकच गोष्ट शिकवली, आणि नव्या फोटोंच्या तारखांचा त्रास निम्म्याहून जास्त कमी झाला. समाजमाध्यमांवरून उतरवलेल्या फोटोंमध्येही ही माहिती सहसा उरत नाही, तेव्हा ज्याने तो टाकला त्याच्याकडे मूळ फाइल मागावी. लोक आनंदाने देतात, फक्त विचारावं लागतं.

स्कॅन केलेल्या फोटोंमध्ये काहीच चुकलेलं नसतं, तरी टाइमलाइन चुकते. कागदी फोटो २०२२ मध्ये स्कॅन केला, स्कॅनरने प्रामाणिकपणे २०२२ लिहिलं, आणि आजोबांच्या तरुणपणीची तलावपाळी, म्हणजे मासुंद्याचा काठ, टाइमलाइनवर करोनानंतर आली.

'तारीख' नावाचा एकच रकाना ठेवू नका

मूळ दुखणं हे आहे, आणि ते सापडायला आम्हाला वर्ष लागलं. 'तारीख' या एका शब्दाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो: घटना कधी घडली, वस्तू कधी तयार झाली, डिजिटल फाइल कधी झाली, आणि ती आपल्या संग्रहात कधी आली.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, चौतीस किलोमीटर अंतर कापून. समजा त्या प्रसंगाचं एक चित्र तुमच्याकडे आहे. प्रसंग १८५३ चा. चित्र छापलेला अंक कदाचित शंभर वर्षांनंतरचा. स्कॅन २०२१ चा. कुणीतरी ते तुमच्या शीटमध्ये २०२३ मध्ये घातलं. या चारपैकी टाइमलाइनला नेमकं काय द्यायचं? आम्ही तिला फक्त घटनेची तारीख देतो. बाकीच्या तिन्ही ठेवतो, पण दाखवत नाही. ग्रंथपालांनाही हीच अडचण आली होती. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून डब्लिन कोअर ही मेटाडेटाची पद्धत निघाली. तिच्या पंधरा मूळ घटकांत तारखेला एकच जागा होती. पुढे तिला 'निर्मिती', 'प्रकाशन', 'बदल' असे वेगळे पोटभाग जोडावे लागले.

चार रकाने केल्यावर पुढचा प्रश्न येतो: घटनेची तारीखच माहीत नसेल तर? अंदाजाने १ जानेवारी लिहायची नाही, ती तारीख पुढे सगळ्यांना खरी वाटायला लागते. टाइमलाइनजेएसच्या शीटमध्ये वर्ष, महिना आणि दिवस यांचे वेगळे रकाने असतात. वर्ष भरलं तरी पुरतं, महिना-दिवस रिकामे चालतात. शिवाय 'डिस्प्ले डेट' नावाचा रकाना आहे, त्यात जे लिहाल ते वाचकाला दिसतं. तिथे 'बहुधा १९८० च्या दशकात' असं लिहा आणि वर्षाच्या रकान्यात 1980 ठेवा. म्हणजे क्रम लागतो आणि खोटा नेमकेपणाही येत नाही.

त्याच्या शेजारी आम्ही 'कशावरून' हा रकाना जोडला, आणि माझ्या मते संग्रहातला सगळ्यात मोलाचा रकाना तोच आहे. मासुंद्याच्या काठावर गडकरी रंगायतन दिसतं आहे, ते १९७८ मध्ये सुरू झालं, म्हणून फोटो त्याच्या आधीचा नाही, अशी एक ओळ त्यात असते. उपवनच्या त्या फोटोची तारीखही अशीच लागली. मूळ प्रत हातात घेऊन उलटी केली तर मागे स्टुडिओचा शिक्का होता, त्यात वर्ष १९८६. रकान्यात लिहिलं आहे: 'मागच्या बाजूचा शिक्का'. स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करा, ही विनंती तेव्हापासून आम्ही सगळ्यांना करतो. जुन्या कागदांवर शक असतो. त्यात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे, आणि मूळ शक 'कशावरून'मध्ये तसाच ठेवायचा.

तारीख बरोबर लिहिली, तरी उलटी वाचली जाते

याची चार कारणं आम्हाला भेटली.

शीटचा प्रदेश अमेरिका असेल तर १२/११/२०२३ ही दिवाळीची तारीख ११ डिसेंबर वाचली जाते. त्याहून त्रासदायक म्हणजे बारापेक्षा मोठा दिवस आला की तारीख वाचलीच जात नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतात. डावीकडच्या तारखा मजकूर झालेल्या आहेत, आणि उजवीकडच्यांमध्ये दिवस-महिना उलटला असण्याची शक्यता आहे. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये प्रदेश 'भारत' करा. पण त्याने आधीच उलटलेल्या तारखा सरळ होत नाहीत, त्या हाताने तपासाव्या लागतात. यापुढे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा. त्यात गोंधळाला जागा नाही.

दुसरं कारण खास आपलं. वर्ष '२०१९' असं देवनागरी अंकांत भरलं की शीट त्याला आकडा मानत नाही. क्रम लावताना त्या नोंदी सगळ्यांच्या खाली जातात आणि टाइमलाइन त्या गाळते किंवा अडून बसते. मला मराठी अंक प्रिय आहेत, शाळेत मी त्यांतच पाढे पाठ केले. पण मोजणीच्या रकान्यांत इंग्रजी अंक आणि वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात मराठी अंक, ही वाटणी स्वीकारावी लागते. गूगलच्या मराठी कीबोर्डवरून फोनवर भरणाऱ्यांकडून ही चूक नकळत होते, म्हणून फॉर्ममध्येच तशी सूचना लिहा.

तिसरं, एक्सेलची दिनदर्शिका १९०० पासून सुरू होते. १८५३ किंवा १८८२ ची पूर्ण तारीख तिथे तारीख बनत नाही, मजकूर राहते, आणि क्रम लावला की पहिली रेल्वे २०२४ च्याही खाली जाऊन बसते. जुना काळ असेल तर वर्ष, महिना, दिवस वेगळ्या रकान्यांत साधे आकडे म्हणून भरणं हाच सुरक्षित मार्ग.

चौथं, व्हिडिओ. फोटोतली वेळ बहुधा स्थानिक घड्याळाची असते. एमपी-फोर आणि तत्सम व्हिडिओंमध्ये ती जागतिक वेळेत लिहायची असा संकेत आहे. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तरुणाईची केवढी गर्दी होते हे ठाणेकरांना सांगायला नको. तिथे १२ नोव्हेंबरला पहाटे पाच दहाला काढलेला व्हिडिओ ११ नोव्हेंबरला रात्री अकरा चाळीसचा दिसतो. फोटो एका दिवशी, त्याच गर्दीचे व्हिडिओ आदल्या दिवशी. पहाटे साडेपाचच्या आधीच्याच व्हिडिओंचा दिवस बदलत असेल तर कारण हेच. साडेपाच तास मिळवा, पण सरसकट नको: काही कॅमेरे संकेत न पाळता स्थानिक वेळच लिहितात. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक व्हिडिओ, ज्याची वेळ नक्की माहीत आहे असा, आधी तपासून बघा.

एकच टॅग तीन वेळा

'पायऱ्या' हा शब्द तलावांच्या संग्रहात फार येतो. तो आमच्या यादीत तीन ठिकाणी होता आणि प्रत्येकाखाली वेगळे फोटो. डोळ्यांना फरक दिसत नाही, कारण फरक आतल्या खुणांमध्ये आहे. मराठीतला हा अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एक: नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त. दोन: साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण, जिला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते. तिसऱ्या नोंदीत शब्दाच्या शेवटी नुसती मोकळी जागा होती. 'ॲ'चंही तसंच: काही कीबोर्ड त्याचं एक अक्षर देतात, काही 'अ'वर चंद्र ठेवतात, आणि संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द होतात.

पडताळा असा घ्या. शीटमधल्या लांबी मोजणाऱ्या 'लेन' सूत्राला दोन्ही शब्द द्या. 'पायऱ्या' नुक्त्याच्या 'ऱ'ने टंकलेला असेल तर उत्तर सात येतं. जोडक किंवा मोकळी जागा घुसली असेल तर आठ. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं आपोआप एकसारखी करणं, ते करून घ्या असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो अर्धवट आहे. 'र' आणि सुटा नुक्ता असं टंकलेलं असेल तर प्रमाणीकरणाने ते 'ऱ' होतं, पण जोडखूण तशीच राहते आणि चंद्राचा 'ॲ'ही जुळत नाही. या दोन गोष्टी 'शोधा आणि बदला' वापरून आपल्यालाच कराव्या लागतात. आम्ही एकदा बसून असे सहा-सात बदल लिहून ठेवले आणि आता प्रत्येक नव्या गठ्ठ्यावर ते सगळे चालवतो.

टॅगांची संख्या मोठी असेल तर ओपनरिफाइन हे विस्कळीत नोंदी साफ करण्याचं साधन वापरा. पूर्वी ते गूगल रिफाइन होतं, आता स्वयंसेवकांच्या हाती आहे, मोफत आहे आणि तुमच्याच संगणकावर चालतं. रकान्यावर 'टेक्स्ट फॅसेट' लावला की प्रत्येक टॅग आणि तो किती वेळा आला ते डाव्या बाजूला दिसतं, आणि 'क्लस्टर' दाबलं की जवळपास सारखे शब्द गटागटाने समोर येतात. प्रत्येक गट वाचूनच 'एकत्र करा'ला हो म्हणा. 'जल' आणि 'जेल' त्याला जवळचे वाटतात, आणि ठाण्यात जेल तलाव आहे. 'खाडी' आणि 'खारी'चंही तेच.

जुन्या कात्रणांत 'ठाणें', 'तलावांत' असे अनुस्वार सापडतात. ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या वळणाचे आहेत. मूळ मजकुरात त्यांना हात लावू नका, टॅग मात्र आजच्या लेखनात ठेवा. पीडीएफमधून नक्कल केलेला मराठी मजकूर अगम्य रोमन अक्षरांत उमटत असेल तर ती पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली आहे. तिच्यातला शोध चालणार नाही, शीर्षक हाताने टंका आणि पुढे चला.

जाळ्याच्या चित्राबद्दल थोडं. पॅलाडिओत किंवा गेफी या तशाच साधनात जाळं काढलं आणि मधोमध नुसता काळा गोळा आला, तर तिथे बिघाड काही नाही. 'ठाणे' हा टॅग प्रत्येक नोंदीला लावलेला असतो, म्हणून सगळ्या रेषा त्याच्याकडे धावतात. जो टॅग सगळ्यांना आहे तो काही सांगत नाही, जो एकालाच आहे तोही नाही. दोन्ही टोकं चित्रातून वगळली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसलं की 'गणेश विसर्जन' आणि 'गाळ काढणे' या दोन टॅगांभोवती तेच ते तलाव पुन्हा पुन्हा येतात. असं काही दिसावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पिना भलतीकडे

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल हे पहिलं कारण. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, गूगल मॅप्सही तसेच देतं. पण जिओजेसन आणि केएमएल या नकाशाच्या फाइलींत आधी रेखांश लिहायचा असतो. मासुंदा साधारण १९.१९ उत्तर, ७२.९७ पूर्व आहे. आकडे उलटे पडले की तो ७२.९७ उत्तर, १९.१९ पूर्व होतो, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेकडच्या बर्फगार समुद्रात. ठाण्याच्या पिना उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या दिसल्या की दुसरं कारण शोधूच नका. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पिना दिसत असतील तर दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे रकाना रिकामा होता.

अंश-मिनिटांचा गोंधळ जास्त फसवा. जुन्या नकाशांवर १९ अंश ११ मिनिटं असं असतं. ते १९.११ लिहायचं नाही. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १९.१८. तशीच ७२ अंश ५८ मिनिटं म्हणजे ७२.९७. न भागता १९.११ आणि ७२.५८ लिहिलंत तर तलाव जुहूच्याही पश्चिमेला अरबी समुद्रात जातो.

आकडे नसतील आणि नुसत्या नावावरून जागा शोधायला सांगितली, तर साधन आपल्या मनाने जागा निवडतं. सिद्धेश्वर तलाव म्हटल्यावर त्याने सोलापूर निवडलं, यात त्याचा दोष तरी काय? सोलापूरचा सिद्धेश्वर जास्त प्रसिद्ध आहे. जागेचं नाव कधीच एकटं देऊ नका, सोबत 'ठाणे पश्चिम, महाराष्ट्र' जोडा. त्याहून चांगलं म्हणजे जागांची वेगळी शीट करा: प्रत्येक तलावाला एक क्रमांक, त्यासमोर एकदाच नीट तपासलेले आकडे आणि त्याची सगळी नावं. मुख्य शीटमध्ये फक्त क्रमांक लिहायचा. मासुंदा आणि तलावपाळी हे आमच्याकडे एकाच क्रमांकाखाली आहेत, जरी बोलताना मासुंदा म्हणजे पाणी आणि तलावपाळी म्हणजे तो काठ, ते बाक, ती वर्दळ. शहराच्या नावाचंही तेच: इंग्रजी कागदांत टन्ना, थाना, ठाणे सगळं सापडतं. नावांचे सगळे अवतार जपायचे आणि जोडणी क्रमांकाने करायची.

दुव्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाइमलाइनवर चित्राच्या जागी राखाडी चौकोन दिसतो तेव्हा दुवा तुटलेला असतो, किंवा समाजमाध्यमावरच्या चित्राचा थेट पत्ता काही दिवसांनी मुदत संपून बंद झालेला असतो. चित्राचा पत्ता साठवू नका, पानाचा पत्ता साठवा. जे पान महत्त्वाचं वाटेल ते त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून तो दुवा शेजारच्या रकान्यात ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

आधी पूर्ण शीटची प्रत काढा आणि तिच्या नावात आजची तारीख घाला. मगच जुन्या नोंदी सुधारायला घ्या. १ जानेवारी १९७०, १ जानेवारी १९८० आणि ३० डिसेंबर १८९९ या तारखांच्या नोंदी पहिल्यांदा, कारण त्या जवळजवळ नक्कीच चुकीच्या आहेत. संशयास्पद पण शक्य कोटीतल्या तारखा नंतर.

नव्या नोंदी थेट शीटमध्ये कुणालाही लिहू देऊ नका, आम्हीसुद्धा लिहीत नाही. गूगल फॉर्म ठेवा. जागा यादीतूनच निवडायची, टॅगही यादीतूनच. नवा टॅग हवा असेल तर वेगळ्या चौकटीत सुचवायचा. वर्ष, महिना, दिवस वेगळे. वर्ष माहीत नसेल तर 'माहीत नाही' हा पर्याय निवडायचा, चौकट रिकामी सोडायची नाही. रिकामी चौकट आणि 'माहीत नाही' यांत फरक आहे: दुसऱ्यात कुणीतरी विचार केलेला असतो.

शीटमध्ये दोन पहारेकरी बसवा. अक्षांश १९.१ ते १९.४ आणि रेखांश ७२.८ ते ७३.२ यांच्या बाहेर गेला की घर लाल व्हावं. सोलापूर, समुद्र, नॉर्वे, शून्य, सगळं यातच पकडलं जातं. आणि तारखेनुसार नोंदी मोजणारी एक पिव्होट सारणी ठेवा. एकाच दिवशी पंधरापेक्षा जास्त नोंदी दिसल्या की थांबून विचारायचं: त्या दिवशी खरंच विसर्जन होतं, की कुणी चॅटमधून गठ्ठा पाठवला?

टाइमलाइनजेएस बनवणारेच वीसच्या आसपास स्लाइड ठेवा असं सुचवतात, ते मनावर घ्या. सगळा संग्रह तिच्यावर चढवला की ती रडतखडत चालते आणि वाचक दमतो. आम्ही शीटमध्ये 'दाखवा' असा एक रकाना केला आणि प्रत्येक तलावाची छोटी, वेगळी टाइमलाइन काढली.

शेवटचं काम म्हणजे पाच पक्क्या नोंदी, ज्यांबद्दल कुणालाही शंका नाही. आमच्याकडे १८५३ ची रेल्वे, फक्त वर्ष माहीत असलेला उपवनचा फोटो, दिवाळी पहाटेचा व्हिडिओ, सिद्धेश्वर तलावाची एक पिन आणि 'पायऱ्या' टॅग असलेली एक नोंद अशा पाच आहेत. साधन बदललं, शीट नव्याने आयात केली, कुणी मोठा गठ्ठा आणला, की प्रकाशित करण्याआधी या पाच जागा उघडून बघायच्या. रेल्वे सगळ्यात आधी हवी, उपवन १९८६ वर हवं आणि त्याला महिना नको, व्हिडिओ फोटोंच्याच दिवशी हवा, सिद्धेश्वर ठाण्यात हवा आणि टॅगांच्या यादीत 'पायऱ्या' एकदाच हवं. या तपासणीला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.